मधलं नाव

कोन, ता. पनवेल
३ फेब्रुवारी २०२५

हरेश,

चिरंजीव, आशीर्वाद वगैरे लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. व्हॉट्सॅप सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. दिवाळीत मी रागाच्या भरात पाठवलेला आवाजी निरोप तू तुझ्या ख्रिस्ती मंडळीत भर प्रार्थनेत वाजवून दाखवलास, विश्वासापायी सख्खी बहीण कशी छळते म्हणून. जालन्याला जाऊन आलेल्या माणसानं मला येऊन सांगितलं. त्या दिवसापासून तुझा नंबर मी बंद केलाय. कागद वाजवता येत नाही, म्हणून कागद.

बाबा जानेवारीच्या सुरुवातीला न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलंय. चौऱ्याऐंशीचं वय आणि हृदय अशक्त, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया नको, आहे तसं सांभाळा. घरात आई आता नाही, म्हणून मी महिनाभर इथेच कोनला आहे. तुझे भावोजी कामोठ्याला डबा मागवून जेवतात. बाबांना पलंगावरून एकटीनं उचलणं मला जमत नाही, माझी कंबर तुला माहीत आहे. धाकट्या काकांचा दीपेश सकाळी दहाला दुकान उघडायच्या आधी येतो आणि त्यांना उचलून खुर्चीत बसवतो. कधी येतो, कधी विसरतो. मग बाबा तसेच पडून राहतात. हे तुझी सहानुभूती मिळवण्यासाठी सांगत नाही. कामाचं पुढे आहे.

परवा भावकी बसली होती. उद्या बाबांचं काही झालं तर मडकं कोणी धरायचं, अग्नी कोणी द्यायचा, हे आत्ताच ठरलेलं बरं असं सगळ्यांचं मत पडलं. दीपेश तयार आहे. पण बाबा अडून बसलेत. म्हणतात, हरेश असताना दुसऱ्यानं का, आधी त्याच्याकडून लिहून आणा. म्हणून लिहितेय. मुलगा असशील तर ये, मडकं धर आणि दाखव. नसशील तर कागदावर लिहून दे की मी जगन घरत यांचा मुलगा म्हणून अग्नीचा हक्क सोडतो. सोबत कोरा कागद ठेवलाय, तुझा खर्च नको.

तुला लिहून द्यायला जड जाऊ नये. आठ वर्षांपूर्वी तू गेलास, दारू सोडलीस, ते बरंच झालं. पण दारूबरोबर बापही सोडलास. गेल्या वर्षी दीपेशनं तुझ्या सभेच्या बॅनरचा फोटो दाखवला. ब्रदर हरेश ख्रिस्तदास घरत. बाबांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. आपल्यात माणसाच्या नावात मधोमध बाप असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तू तिथून बाप उचललास आणि दुसरं कोणी बसवलंस. बाबांनी चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

आणि एक विचारायचंच आहे. तुम्ही लोक गावोगाव सांगत फिरता की देवाला मुलगा आहे. मग देवाची बायको कोण? स्वतःच्या बापाचं नाव ज्याला जपता आलं नाही, त्यानं देवाच्या मुलाबद्दल बोलावं याचं मला नवल वाटतं.

सौ. वसुंधरा प्रभाकर भोईर


जालना
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. बाबांचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या मंडळीत रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तुझ्या भावजयीनं, किशोरीनं तर उपास धरला.

देवाची बायको कोण हा प्रश्न माझ्या गॅरेजवर येणारे रिक्षावालेही मला विचारतात. फक्त ते विचारायच्या आधी चहा पाजतात. तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस. एखाद्या शब्दाचा अर्थ पुस्तकात कसा लागतो ते न बघता वर्गात हसणाऱ्या पोराला तू बाकावर उभं केलं असतंस.

देवाला मुलगा झाला, जसा माणसाला होतो, असं आमचं शास्त्र कुठेही म्हणत नाही. त्या शास्त्रात देवानं एका अख्ख्या राष्ट्राला माझा मुलगा म्हटलंय. राजा गादीवर बसला की त्या दिवशी त्याला मुलगा म्हटलंय. म्हणजे हा शब्द तिथे बाळंतपणाचा नव्हेच. ज्याला बापानं आपलं म्हटलं, ज्याच्याकडे आपलं काम आणि आपला अधिकार दिला, तो मुलगा. आणि येशूच्या बाबतीत हा शब्द सगळ्यांहून वेगळा आणि पूर्ण होतो. तो सुरुवातीच्याही आधीपासून पित्याबरोबर आहे. तो पित्याला जे करताना पाहतो तेच करतो, स्वतःचं वेगळं काही चालवत नाही. त्याला पाहिलं की पित्याला पाहिलं. असा पुत्र एकच. बाकी आम्ही सगळे दत्तक.

हो, दत्तकच. पौल नावाच्या प्रेषितानं मुद्दाम तोच शब्द वापरलाय. त्या काळच्या रोमी लोकांत दत्तक घेतलेल्याचं मागचं सगळं पुसलं जाई, आणि त्याचा हक्क पोटच्या मुलाइतकाच असे, रेसभरही कमी नाही. शिवाय दत्तक घेणारा निवडतो. ज्याला घेतलं त्याला कोणी विचारत नाही. यावर मी वर्षात चारदा तरी बोलतो. लोक रडतात ऐकताना, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना घरच्यांनी टाकलंय. तुझ्यासारख्या घरच्यांनी.

तेव्हा तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. मी जगन घरतांचा मुलगा आहे आणि नाही असं लिहून देणं म्हणजे खोटं लिहिणं. मात्र मडकं धरणं, पाणी सोडणं, पिंड हे मला करता येणार नाही. आमच्या मंडळीच्या पंचांनी तसं स्पष्ट सांगितलंय आणि मला ते मान्य आहे. ही बाब तू समजून घेशील अशी आशा नाही, पण लिहून ठेवतो. दीपेशला म्हणावं, घाई कशाची आहे. अजून बाबा आहेत.

नावाबद्दल मला काही बोलायचं नाही.

तुझा भाऊ,
हरेश ख्रिस्तदास घरत


कोन
२२ फेब्रुवारी २०२५

हरेश,

पत्र मिळालं. स्वतः करणार नाही आणि दुसऱ्याला करू देणार नाही, एवढाच त्यातला अर्थ मला लागला. बाकी सगळं प्रवचन.

पण तू मला बाकावर उभं केलंस म्हणून मी अभ्यास केला. कामोठ्याला आमच्या शेजारी दमयंतीबाई राहतात, निवृत्त नर्स, तुमच्याच धर्माच्या, फक्त त्या कोणाला सतावत नाहीत. त्यांच्याकडून शास्त्र मागून आणलं. बाबा दुपारी झोपले की वाचते. पेन्सिलीनं खुणा केल्यात, त्या दमयंतीबाईंना विचारूनच.

तू म्हणतोस, पुत्र तो, जो पित्याला करताना पाहतो तेच करतो. बरं. आपले बाबा काय करायचे? आजोबा तीन वर्षं अंथरुणाला होते तेव्हा बाबा मिठागरावरून येऊन, हातपाय धुऊन, आधी त्यांना न्हाऊ घालायचे आणि मग स्वतः जेवायचे. तू पाहिलंस ते. चौथीत होतास. मग तेच का करत नाहीस? तुझ्या शास्त्रात दोन मुलांची गोष्ट आहे. बाप म्हणाला मळ्यात कामाला जा. एक हो म्हणाला आणि गेलाच नाही. दुसरा नाही म्हणाला आणि मग गेला. हो म्हणणाऱ्याचं नाव त्यात दिलेलं नाही. मी मार्जिनमध्ये तुझं लिहिणार होते, पण पुस्तक परक्याचं आहे.

आणखी एक जागा मिळाली. तुझा येशू वधस्तंभाच्या खांबावर मरायला टेकलेला असताना समोर आई उभी असते. तो शिष्याकडे बघून तिला म्हणतो की हा आता तुझा मुलगा. शेवटच्या घटकेलाही त्याला आईला कोण बघेल याची काळजी पडली होती. सगळं आभाळ ज्याच्या हाती त्याला. तू उपास धरलास म्हणे. तू नाही, किशोरीनं.

आता मी जे लिहिणार आहे ते न लिहिता राहण्याचं वचन मी नऊ वर्षांची असताना दिलं होतं. पण तूच दत्तकाचा विषय काढलास.

तू बाबांचा मुलगा नाहीस. आईची धाकटी बहीण गोदूमावशी, उरणकडे मिठागरावर दिलेली. तुझ्या वेळी ती बाळंत होऊन अकराव्या दिवशी गेली. तिच्या नवऱ्याला आधीची चार होती, पाचवं सांभाळायची त्याची ताकद नव्हती. बाबा तिकडे गेले आणि तुला घेऊन निघाले. एसटी वाटेत बंद पडली. दुसरी येईना, म्हणून तुला दोन्ही हातांवर धरून ते चालत आले. वाटेत दोन घरी बाळंतिणी होत्या, त्यांच्याकडे मागून तुला दूध पाजलं. घरी आले तेव्हा त्यांचे हात सरळ होत नव्हते, आईनं तेल लावून सोडवले. दुसऱ्या दिवशी ओटीवर भावकीतली पाच माणसं बोलावली. बाबा पाटावर बसले, तुला मांडीवर घेतलं, ओठाला गूळ लावला आणि तुझ्या कानात म्हणाले, जगनचा हरेश. गुळाची ताटली माझ्या हातात होती. पोराला कोणी सांगायचं नाही, असं सगळ्यांनी त्या गुळावर हात ठेवून कबूल केलं. या गावात कोंबडी हरवली तरी तासाभरात बोंब होते, पण हे पंचेचाळीस वर्षं कोणाच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

तेव्हा मुलगा नाही असं लिहिणं खोटं ठरेल ही तुझी अडचण आता राहिलेली नाही. रक्तानं तू नाहीसच. नावानं राहिला नाहीस तो तुझ्या मर्जीनं. दुसरा कोरा कागद ठेवलाय.

वसुंधरा


जालना
३ मार्च २०२५

वसुंधराबाई,

कागद सही करून सोबत पाठवला आहे. तुम्ही सांगितलं तसंच लिहिलंय. मी जगन घरत यांचा मुलगा नाही, अग्नीवर माझा हक्क नाही. दोन साक्षीदारही घेतलेत, गॅरेजवरचे. त्यांनी विचारलं, कसला कागद. मी म्हटलं, जुन्या गाडीचा.

काल रविवार होता. विषय महिन्यापूर्वीच ठरला होता, दत्तकपण. मी उभा राहिलो. समोर साठ माणसं. पहिलं वाक्य मला पाठ आहे, ज्याला कोणी नाही त्याला पित्यानं आपलं म्हटलं. ते तोंडातून निघेना. दत्तक हा शब्द मी आजवर शेकडो वेळा बोललो असेन. लोकांना सांगताना तो फार गोड लागायचा. स्वतःवर आला तेव्हा कळलं की त्याचा अर्थ आधी कोणीतरी मेलंय आणि कोणीतरी नको म्हटलंय. मी खाली बसलो. किशोरीनं गाणं सुरू केलं म्हणून वेळ निभावली.

तुम्ही सगळ्यांनी पंचेचाळीस वर्षं मला तोंडावर फसवलंत. मी शाळेत बापासारखा दिसतो म्हणून मिरवायचो, तेव्हा तुम्ही हसत होतात. आता मला कळलं, तुम्ही का हसत होतात.

माझा विश्वास खोटा ठरवायला तुम्ही पुस्तक वाचलंत. त्याची गरज नव्हती. तू बाबांचा मुलगा नाहीस, एवढं एकच वाक्य पुरलं.

पुन्हा लिहू नये.

हरेश
(मधे काही नाही. तुम्ही म्हणता तसं.)


कोन
१९ मार्च २०२५

हरेश,

लिहू नये म्हणालास तरी लिहितेय. कागद येऊन दहा दिवस झाले, त्यातले आठ मी हे पत्र लिहून फाडण्यात घालवले.

तुझा कागद आला तेव्हा दीपेश आणि दोघं काका बसलेले होते. दीपेशनं वाचला आणि झालं काम म्हणून घडी घालून खिशात ठेवायला लागला. बाबांनी पलंगावरूनच हात पुढे केला. मला म्हणाले, वाच. मी वाचला. परत वाच म्हणाले. परत वाचला. मग विचारलं की त्याला हे कोणी सांगितलं. मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांनी जन्मात कधी मारलं नाही, पण त्या वेळी मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाले, "मी त्याला आनला तवा त्याची सई घेतली होती का? नाय ना. मंग आता त्याच्या सईनं काय होतं?"

तू फेब्रुवारीत हेच लिहिलं होतंस. दत्तक घेणारा निवडतो, घेतलेल्याला कोणी विचारत नाही. तुझं ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलेलं नाही. त्यांनी पौलाचं नावही ऐकलेलं नाही.

दीपेश आपला मडक्याचं काय, अग्नीचं काय, असं परत परत विचारत राहिला. तेव्हा बाबा चिडले. "मेल्यावर चवगं उचलतीन मना. तवा कोनपन चालल. आता उचलाला पोरगा पायजे." हे त्यांनी म्हटलं तेव्हा साडेदहा वाजले होते आणि त्यांची चादर सकाळपासून ओली होती, कारण दीपेश त्या दिवशी उशिरा आला होता. मी दोनदा प्रयत्न केला होता उचलायचा. नाही जमलं.

आता माझं. मी तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. हरेशकडून लिहून आणा असं बाबा कधीच म्हणाले नव्हते. ते एवढंच म्हणत होते, हरेशला बोलव. पडल्यापासून रोज, सकाळी उठल्यावर पहिलं तेच. मी हो हो म्हणायचे. भावकीत विषय निघाला तेव्हा मला वाटलं, तुला बोलवण्यापेक्षा तुला कायमचं बाहेर काढावं. ते वाक्य मी बनवलं.

का, ते सांगते. तुला पटो न पटो. मी त्यांची पहिली, त्यांच्या रक्ताची. एक्क्याण्णव साली माझं लग्न लागलं. धवलारीण बायकांना घेऊन लग्न लावायची गाणी गात होती, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या नावातून बाबा गेले. तिथे प्रभाकर आले. भोईर आले. चांगला आहे माणूस, तक्रार नाही. पण शाळेच्या मस्टरवर, रेशनकार्डावर, पेन्शनच्या कागदावर, कुठेही जगन नाही. मला कोणी विचारलं नाही. आणि तू, हातावर धरून आणलेला, तुझ्याकडे ते नाव न मागता होतं, मरेपर्यंत राहणार होतं, आणि तू ते खोडून बॅनरवर दुसरं लावलंस. माझं भांडण तुझ्या देवाशी नव्हतं. ते नाव माझं असतं तर मी कोणाला हात लावू दिला नसता.

पुस्तक अजून वाचतेय. दमयंतीबाईंनी परत मागितलं नाही. येशू नदीवर गेला तेव्हा वरून आवाज आला की हा माझा लाडका मुलगा. मी मागची पानं परत चाळली. तोवर त्यानं काहीच केलेलं नव्हतं. एक आजारी बरा केला नव्हता, एक शब्द शिकवला नव्हता. तिथून तो रानात जातो आणि तिथे सैतान त्याला भेटतो. सैतान काय म्हणतो ते तुला पाठ असेल. मुलगा असशील तर करून दाखव. खांबावर असताना खालची माणसंही तेच म्हणतात. मुलगा असशील तर उतरून दाखव. तो उतरत नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. माझं पहिलं पत्र आठवलं. मुलगा असशील तर ये, मडकं धर आणि दाखव. शब्दसुद्धा तेच.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. आठ वर्षांत तू एकदाही आला नाहीस, याला कोणता पौलही उत्तर देऊ शकत नाही. मी तुला बोलावत नाही. बाबा बोलावतात. ते आजही सकाळी म्हणाले.

तुझा कागद मी चुलीत घातला. नंबर उघडा केलाय, पण बोलायचं असेल तर लिहच.

वसुताई


जालना
२५ मार्च २०२५

ताई,

पाकिटावर तुझं नाव मी मुद्दाम तसं लिहिलंय. वसुंधरा जगन घरत, मुक्काम कोन. पोस्टमन नवा असला तर विचारेल हे कोण म्हणून. ओटीवर बसून सही कर आणि सांग, मीच.

मी रागावलेलो आहे. ते आधी लिहितो म्हणजे पुढचं वाचताना तुझी चूक होणार नाही. तुझ्यावर आहे, बाबांवर आहे, गुळावर हात ठेवणाऱ्या पाचही माणसांवर आहे, त्यातली चार आता नाहीत तरी. गोदूमावशीला मी कधी पाहिलं नाही. तिचा एक फोटो आईच्या पेटीत होता, मी लहानपणी त्यावर मिशा काढल्या होत्या आणि आईनं मला पहिल्यांदा आणि शेवटचं मारलं होतं. का मारलं, ते आत्ता, पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. हे मी बाबांना विचारणार आहे. जोरात विचारणार आहे, त्यांना ऐकू कमी येतं.

तू सैतान नाहीस. सैतानाला मी उत्तरं देऊ शकतो. तू वसुताई आहेस, ते जास्त अवघड जातं.

नदीवरची गोष्ट मी कितीदा सांगितली असेन. आवाज आधी आला, काम नंतर, हे मी हात वर करून लोकांना सांगायचो. घरी येऊन मात्र मला वाटायचं, बापाकडे परत जायचं तर आधी काहीतरी करून दाखवायला हवं. दारू सुटून दहा वर्षं झाली की जाऊ. गॅरेज मोठं झालं की जाऊ. मंडळीची इमारत झाली की जाऊ. आठ वर्षं मी मुलगा असल्याचं सिद्ध करायच्या तयारीत घालवली. तुला त्याचं उत्तर हवं होतं, ते हे आहे. पौलाचं नाही, माझंच आहे आणि वाईट आहे.

आता नाव. राजपत्रात नाव बदलायचा अर्ज मी तीनदा आणला. त्यात जुनं नाव लिहायचं असतं आणि खाली नवं. जुन्याच्या रकान्यात हरेश जगन घरत लिहून झालं की पुढे हात जायचा नाही. किशोरी म्हणायची, राहू दे. तिन्ही अर्ज टपरीवर चहाखाली गेले. आधार, लायसन, गॅरेजची पाटी, सगळीकडे जगन आहे. ख्रिस्तदास फक्त तुला लिहिलेल्या पत्राखाली आणि बॅनरवर आहे. ते मीच छापायला सांगितलं होतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. ते चुकलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. नाही, मी फोन उचलला नसता.

पंचांना काल भेटलो. ते म्हणाले, मडकं नाही, पिंड नाही, हे लक्षात ठेव. मी म्हटलं, मडक्यासाठी जात नाही. म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं आहे, याला कुठल्या शास्त्राची परवानगी लागत असेल तर सांगा. गॅरेज मी पोरांवर सोडलंय, परत कधी यायचं ते ठरवलेलं नाही.

हे पत्र आणि मी बहुधा बरोबरच पोचू. शुक्रवारी पहाटे पनवेलला उतरतो. बाबांना सांग, दाढी कोणाकडून करून घेऊ नका, मी करीन. आणि दीपेशला सांग, आता त्यानं दुकान वेळेवर उघडावं. दहा वाजायची वाट कोणी बघणार नाही.

हरेश जगन घरत